उस्मानाबादी की संगमनेरी, करडांच्या वजनावरून ठरवता येतं का?

माळावरचा गोठा
नमस्कार मंडळी. आम्ही औसा तालुक्यातले, घरच्या उस्मानाबादी शेळ्या पहिल्यापासून आहेत, त्यात भावाने संगमनेरच्या बाजूने काही शेळ्या आणल्या. यंदा दोन्हीकडच्या ८-८ शेळ्या व्याल्या म्हणून करडांची वजनं लिहून ठेवली, ताणकाट्याला झोळी अडकवून, सकाळी पाजायच्या आधी.
उस्मानाबादी: १२ करडं, जन्मताना सरासरी २.२ किलो, ९० दिवसांना १०.२.
संगमनेरी: ९ करडं, २.७ आणि ११.६.
भाऊ म्हणतोय जवळपास दीड किलोचा फरक आहे, काळ्या उस्मानाबादी शेळ्या बाजारात विकायला काढू आणि सगळ्या संगमनेरीच भरू. आईचा जीव काळ्या शेळ्यांत. एवढ्यावरून जात बदलावी का?

आकडेमोड
थांबा, विकू नका! दिवसाची वाढ काढली तर ८९ ग्रॅम आणि ९९ ग्रॅम येते, दिसायला फरक आहे, पण करडं किती आणि वजनं किती विखुरलीत ते बघितल्याशिवाय नुसत्या सरासरीला अर्थ नाही. एक्सेलमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशन (वजनं सरासरीपासून किती विखुरलीत त्याचा आकडा) काढून टाका इथे. आणि जुळी किती, एकेकटी किती, बोकड किती, पाटी (मादी करडं) किती?

माळावरचा गोठा
९० दिवसांच्या वजनाचं उस्मानाबादीचं १.८ आलं, संगमनेरीचं २.०. बोकड-पाटी दोन्हीकडे जवळपास निम्म्याला निम्म्या. उस्मानाबादीत ४ शेळ्यांना जुळी, ४ ला एकेक. संगमनेरीत एकीलाच जुळी. एकेकट्या करडांची सरासरी ११.४ आणि १२.०, जुळ्यांची ९.६ आणि १०.२.

आकडेमोड
मग खरी गोष्ट इथेच आहे की. एकेकट्याशी एकेकटं लावलं तर फरक ०.६, जुळ्यांशी जुळी लावली तरी ०.६च! बाकीचा फरक जातीचा नाही, आईचं दूध दोघांत वाटलं गेलं त्याचा आहे. आणि तुमच्या १.४ किलोच्या फरकावर टी-टेस्ट (फरक खरा की योगायोग ते तपासायची पद्धत) लावायची तर प्रत्येक स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग करायचा, त्याला करडांच्या संख्येने भागायचं, दोन्हींची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं, येतं ०.८५ च्या आसपास. १.४ भागिले ०.८५ म्हणजे १.६५, आणि एवढ्या कमी करडांत तो आकडा २.१ च्या वर जायला हवा, तेव्हा कुठे योगायोग नाही असं म्हणता येतं. त्यातही जुळी एकाच आईची, म्हणजे १२ करडं ही १२ वेगळी उदाहरणं धरताच येत नाहीत.

शेळीपालक सातारा
करडामागे कशाला मोजताय, शेळीमागे मोजा ना. उस्मानाबादी १२ गुणिले १०.२ भागिले ८, शेळीमागे १५.३ किलो. संगमनेरी ९ गुणिले ११.६ भागिले ८, १३ किलो. आईचंच बरोबर आहे! उस्मानाबादीचं नाव जुळ्यांसाठीच तर आहे. फक्त जुळ्यांत मर जास्त होते, मेलेली करडं या हिशोबातून वगळू नका, शेळी व्याली की तिची नोंद धरायचीच.

पशुवैद्यक
वरचं सगळं पटलं, एकच भर. आणलेल्या शेळ्या कितव्या वेताच्या, म्हणजे कितव्यांदा व्यालेल्या? पहिलटकरणीचं करडू तिसऱ्या-चौथ्या वेताच्या करडापेक्षा बहुतेक हलकंच असतं, मग ती कुठल्याही जातीची असो. वहीत वेत, जन्माची तारीख, एकेकटं की जुळं आणि नर-मादी असे रकाने पाडा आणि सगळ्यांचं वजन एकाच तारखेला घेऊ नका, ज्याचे त्याचे ९० दिवस भरले की घ्या. फलटणच्या निंबकर संस्थेत उस्मानाबादीवर आणि राहुरीच्या विद्यापीठात संगमनेरीवर काम चालतं, तिथे नोंदी कशा ठेवतात ते एकदा बघून या.

माळावरचा गोठा
आणलेल्या बहुतेक तिसऱ्या वेताच्या आहेत आणि आमच्या निम्म्या पहिलटकरणी. भावाला हे सगळं वाचून दाखवलं, पुढचं वेत होईपर्यंत काळ्या कुठेही जात नाहीत.