मदत हवी आहे: ‘टू’ लावायचा की ‘इंग’?

बऱ्याच वर्षांनी पुन्हा इंग्रजी शिकायला बसलोय, हसू नका. माझा नियम सोपा होता: मराठीत ‘-यला’ किंवा ‘-यचं’ आलं की इंग्रजीत ‘टू’ ठोकायचा. ‘जायचंय’ म्हणजे ‘वॉन्ट टू गो’. इथवर ठीक. पण ‘पोहायला मजा येते’चं ‘एन्जॉय टू स्विम’ केलं तर चूक, तिथे म्हणे ‘स्विमिंग’च. आणि काल ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलं, तर सहकाऱ्याने ‘मीटिंग यू’ करून दिलं. अहो, ‘टू’ समोर बसलाय की! काही युक्ती आहे, की याद्याच घोकायच्या?

प्रतिसाद १:
थोडी युक्ती, थोडी घोकंपट्टी. दोन्ही रूपं चालतात पण अर्थ बदलतो, तिथे मराठीच कामाला येते. ‘तो बोलायचा थांबला’: गप्प झाला, ‘स्टॉप्ड टॉकिंग’. ‘तो बोलायला थांबला’: चालता चालता थांबून बोलू लागला, ‘स्टॉप्ड टू टॉक’. फरक एका अक्षराचा, चा की ला. तसंच ‘दार लावायचं लक्षात ठेव’, काम अजून व्हायचंय, ‘रिमेंबर टू लॉक’. ‘दार लावल्याचं आठवतंय’, काम झालंय, ‘रिमेंबर लॉकिंग’.

तुमच्या मेलमधला ‘टू’ वेगळा. तो क्रियापदाचा नाही, शब्दयोगी आहे. पुढे नाम ठेवून बघा: ‘लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडेज’ जमतं ना? मग तिथे क्रियापदही ‘इंग’ लावूनच येणार. ‘वॉन्ट टू द हॉलिडेज’ म्हणून बघा, लगेच खटकेल.

एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश यांच्यापुढे ‘इंग’, हे मात्र पाठच करा. ‘सजेस्ट’ही त्यातलंच. ‘जायला सुचवलं’ डोक्यात असल्यामुळे ‘सजेस्टेड टू गो’ हमखास निसटतं. मी शिकवतो, तरी माझंही निसटतं.

प्रतिसाद २:
‘लाइक’ला दोन्ही चालतात, पण ‘वुड लाइक’ आलं की ‘टू’च.

मूळ लेखक:
चा आणि ला! हे आधी कुणी का नाही सांगितलं? मग ‘ट्राय’चं काय?

प्रतिसाद १:
खिडकी गच्च बसलीय, जोर लावताय: ‘उघडायचा प्रयत्न करतोय’, ‘ट्राइंग टू ओपन’. उकडतंय, काही फरक पडतो का पाहायचंय: ‘खिडकी उघडून बघ’, ‘ट्राय ओपनिंग’. मराठीत ‘-ऊन बघ’ बसलं की ‘इंग’.