किंचाळण्यापलीकडचं काम

‘अनेक कथांच्या ब्रिटिश भयपटांत नट्यांना किंचाळण्यापलीकडे काम नसायचं’ असं एक मत आहे. हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या ड्रॅक्युलापटांना ते बऱ्यापैकी लागू पडेल, पण एकाच चित्रपटात अनेक कथा गुंफणाऱ्या भयपटांना नाही. ईलिंग या ब्रिटिश स्टुडिओचा १९४५चा ‘डेड ऑफ नाइट’ बघा. त्यातल्या आरशाच्या कथेत नवरा हळूहळू झपाटत जातो आणि सगळा शोध त्याची बायको झालेली नटी गूगी विदर्स घेते. आरसा भेट दिलेला तिनेच, त्याचा रक्ताळलेला इतिहास दुकानदाराकडून काढते तीच, आणि गळ्याभोवती फास आवळला जात असताना आरसा फोडतेही तीच. (बाईंचा जन्म १९१७चा, कराचीतला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला!)

अमिकस या ब्रिटिश कंपनीने पुढे अनेक कथांचा हाच साचा उचलला. एकेका कथेपुरते थोडेच दिवस लागत, त्यामुळे मोठी नावं परवडत. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’मध्ये (१९७२) जोन कॉलिन्स नाताळच्या आदल्या रात्री नवऱ्याला मारते, आणि बाहेर सांताच्या वेशातला वेडा खुनी. पोलिसांना बोलवावं तर घरात प्रेत! संवाद जवळपास नाहीतच, रेडिओवर नाताळची गाणी चालू आणि ही बया रक्त पुसतेय. माझ्या मते त्या चित्रपटातली सगळ्यात घट्ट विणलेली कथा हीच. त्यातल्याच दुसऱ्या कथेत असलेल्या पीटर कुशिंग या नटाचे चाहते भांडतील, भांडोत.