फ्रेजल व्हर्ब पाठ करून पण फोनवर कळत नाहीत, कसं शिकायचं?

हळदवाली_सांगली

नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या व्यापाऱ्यांकडे ऑफिसला आहे, बाहेर माल जातो त्याचे मेल आणि फोन माझ्याकडे असतात. मेल वाचायला लिहायला अडचण नाही पण फोनवर समोरचा सुरू झाला की फ्रेजल व्हर्बला, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ असा लहान शब्द जोडून वेगळाच अर्थ होतो तिथं, अडतंय. शब्द सगळे ओळखीचे असतात वो, लुक माहितीय, गेट माहितीय, बॅक माहितीय, पण "आय विल लुक इन्टू इट अँड गेट बॅक टू यू" असं एका दमात बोलला की त्यानं हो म्हटलं का नाही म्हटलं तेच कळत नाही. पुट ऑफ आणि कॉल ऑफ पण तसंच, एकात माल उशिरा जाणार आणि एकात जाणारच नाही, फरक केवढा बघा.

क्लासच्या नोट्समध्ये ए पासून झेड पर्यंत लिस्ट आहे. रात्री पाठ केली की सकाळी गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह आउट, गिव्ह अवे सगळं एकात एक झालेलं असतं. आणि ते इट मधे कधी घालायचं, शेवटी कधी? "लुक इट अप" बरोबर आणि "लुक इट इन्टू" चूक एवढं दिलंय, का ते कुठंच नाही. कुणी नीट सांगेल का, मला खरंच शिकायचंय.

मिरज_जंक्शन

ताई, ती लिस्ट आधी बाजूला ठेवा. मी कस्टमर सपोर्टला काम करतो, दिवसभर हेच कानावर असतं. आपण मराठीत मागे घेणे, मागे लागणे, मागे पडणे, मागे टाकणे हे कधी लिस्ट करून पाठ केलं का? केस मागे घेतली, पोरगं मोबाइलच्या मागे लागलंय, गणितात मागे पडलं, वडापच्या जीपनं एसटीला मागे टाकलं. मागे सगळीकडं तोच, अर्थ चार तऱ्हेचे, आणि आपल्याला कधी अडलं नाही कारण प्रत्येक अर्थ वाक्यासकट डोक्यात बसलाय. इंग्लिशमध्ये गिव्हच्या खाली दहा ओळी लिहिल्या की त्या एकमेकींत मिसळणारच.

तुमचं काम फोनचं आहे ना मग एक फोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्या. लागतच नाही म्हणजे "आय कान्ट गेट थ्रू". लागला, उचलला की पिक अप. जरा थांबा म्हणायचं तर "होल्ड ऑन". आवाज बारीक येतोय, मोठ्यानं बोला म्हणजे "कुड यू स्पीक अप". मधेच तुटला तर "वुई गॉट कट ऑफ", परत करते म्हणजे "आय विल कॉल यू बॅक", आणि ठेवून दिला की हँग अप. हे बहुतेक वेगवेगळ्या अक्षराचे आहेत म्हणून लिस्टमध्ये लांब लांब पडतात, पण रोज एकामागं एक लागतात. हेच आधी तोंडात बसवा. आणि कट ऑफ एकदा बसला की पुढं पण कामाला येतो, २०१९ च्या महापुरात कितीतरी गावांचा संपर्क तुटला ते सांगायला पण "द व्हिलेजेस वेअर कट ऑफ" असंच म्हणतात.

पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणे, कॉल ऑफ म्हणजे रद्द. फोनवर ऑफ एवढंच ऐकू आलं तर न लाजता विचारायचं, "सो व्हॉट इज द न्यू डेट?" नुसतं पुढं ढकललं असेल तर तारीख सांगेल नाहीतर ती कळवू म्हणेल, रद्द असेल तर तिथल्या तिथं कळेल.

निवृत्त_मास्तर_सातारा

मिरजकरांनी छान सांगितलं. इटचं मी सांगतो, कारण हे शाळेत कुणी समजावून सांगत नाही आणि पोरं उगीच घाबरून राहतात.

लुक अप मधला अप हा क्रियाविशेषण, तो क्रियापदाला चिकटलेला असतो, पुढच्या नामाशी त्याचं काही देणंघेणं नाही. म्हणून नाम मधे पण चालतं आणि शेवटी पण चालतं, "टर्न ऑफ द फॅन" म्हणा नाहीतर "टर्न द फॅन ऑफ" म्हणा. पण इट, हिम, देम असं सर्वनाम आलं की ते मधेच, "टर्न इट ऑफ". "टर्न ऑफ इट" कुणी म्हणत नाही. लुक इन्टू मधला इन्टू मात्र शब्दयोगी, म्हणजे त्याला आपलं नाम लागतंच आणि ते त्याच्या मागोमागच यायला पाहिजे, म्हणून "लुक इन्टू इट". लुक आफ्टर तसंच, "लुक आफ्टर हिम". तीन शब्दांचे असतात ना, पुट अप विथ, रन आउट ऑफ, गेट बॅक टू, त्यात शेवटचा शब्दयोगी, म्हणून नाम त्याच्याच पुढं, "वुई हॅव रन आउट ऑफ स्टॉक".

आता ऐकताना कसं ओळखायचं? जोर कुठं पडतो ते ऐका. "टर्न इट ऑफ" मध्ये जोर ऑफवर पडतो, "लुक ॲट इट" मध्ये लुकवर. आपण मराठी माणसं सगळे शब्द सारख्या वजनानं बोलतो, त्यामुळं तो लहान शब्द जोरात आला तरी आपला कान क्रियापदावरच राहतो आणि खरा अर्थ निसटतो. फोनवर मुद्दाम त्या शेवटच्या अप, ऑफ, आउटकडं कान ठेवा.

अजून एक, मला स्वतःला फार आवडतं म्हणून सांगतो. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, यात वर जाण्याचा काही संबंध नाही, काम पुरं संपवलं एवढंच. आपण खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाकलं म्हणतो ना, तेच काम. टाकणे म्हणजे फेकणे असं तिथं आपल्या मनातसुद्धा येत नाही. प्रत्येक अपला हे लागू नाही पण बऱ्याच जागी लागू पडतं. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यानंच लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा लहान शब्द जोडून जे अर्थ होतात ते परक्या माणसाला सगळ्यात जड जातात. तेव्हा ताई, अडतंय ते तुमची हुशारी कमी आहे म्हणून नाही, वस्तूच अवघड आहे.

कऱ्हाडकर

मला वाटतं ऑफिसच्या मेलमध्ये हे फ्रेजल व्हर्ब वापरूच नयेत, पुट ऑफच्या जागी पोस्टपोन, लुक इन्टूच्या जागी इन्व्हेस्टिगेट, बरं दिसतं आणि चुकायची भीती नाही. आणि आपल्याकडचे काही तर साफ सोडायला पाहिजेत. "कोप अप विथ" असं काही नाही, नुसतं "कोप विथ". "कीप अप विथ" आहे, तिथला अप इथं येऊन बसतो बहुतेक. इंटरव्ह्यूला पोरं सर्रास "आय पास्ड आउट इन २०२२" म्हणतात, आपल्या माणसाला कळतं पण बाहेरच्याला पहिल्यांदा वाटतं चक्कर येऊन पडला. लष्करी अकादमीतून बाहेर पडण्याला मात्र तिकडं पण पास आउटच म्हणतात. तुम्ही "आय ग्रॅज्युएटेड" म्हणा.

निवृत्त_मास्तर_सातारा

कऱ्हाडकर, कोप आणि पास आउटचं अगदी बरोबर. पण मेलमधनं सगळे काढायचे हे मला पटत नाही. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, राज्यकारभार बराच काळ फ्रेंच आणि लॅटिनमध्ये चालला, म्हणून पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश असले लॅटिन वळणाचे शब्द कागदोपत्री भारदस्त वाटतात आणि पुट ऑफ, पुट अप विथ, पुट आउट हे घरातले राहिले. घरातले म्हणजे हलके नव्हेत. सॅम्पलची तक्रार आली आणि तुम्ही "वुई विल इन्व्हेस्टिगेट" लिहिलं तर चौकशी समिती बसवल्यासारखं वाटतं, "वुई आर लुकिंग इन्टू इट" लिहिलं की माणूस बोलल्यासारखं वाटतं. कोर्टाच्या, सरकारी कागदात पोस्टपोन लिहा की, तिथं तेच शोभतं.

हळदवाली_सांगली

सर, मिरजकर दादा, कऱ्हाडकर, खूप खूप आभार. क्रियाविशेषण आणि शब्दयोगीचं इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. अजून एक विचारते, गो ऑफचं काय? "द लाइट्स वेंट ऑफ" म्हणजे लाइट गेली, बंद झालं. मग "द अलार्म वेंट ऑफ" म्हणजे अलार्म वाजला कसा काय, उलटंच झालं की.

मिरज_जंक्शन

हे भल्याभल्यांना चकवतं. आणि दूध "वेंट ऑफ" म्हणजे नासलं, हे ब्रिटिश लोक जास्त म्हणतात. इथं ऑफचा एकच अर्थ शोधत बसू नका, कशाबद्दल चाललंय ते बघा. लाइट, पंखा, मोटर असेल तर बंद. अलार्म, सायरन, फटाका, बाँब असेल तर वाजला नाहीतर उडाला. दूध, मटण असेल तर खराब. आपलं लागणे बघा, भूक लागली, आग लागली, नोकरी लागली, बस लागली. बाहेरच्याला एकच अर्थ सांगता येईल का आपल्याला?

हळदवाली_सांगली

खरंय. मग आजच्या मेलमध्ये हे लिहू का, "देअर इज अ प्रॉब्लेम विथ द पॅकिंग, वुई विल सॉर्ट आउट इट टुडे. लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू."

निवृत्त_मास्तर_सातारा

पहिल्या वाक्यात "सॉर्ट इट आउट" करा, सॉर्ट आउट मधला आउट क्रियाविशेषण आहे, इट मधे. दुसऱ्यात "टु हिअरिंग फ्रॉम यू", तिथला टु शब्दयोगी आहे, म्हणून त्याच्यापुढं हिअरिंग. बाकी मेल चांगला आहे, पाठवून टाका.