हॉर्न स्पीकर: आधी ड्रायव्हर बदलू की क्रॉसओव्हर? (मदत हवी आहे)

खर्जप्रेमी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे तीन-वे (खर्ज, मधला आणि वरचा आवाज वेगवेगळ्या ड्रायव्हरवर) हॉर्न स्पीकरची जुनी जोडी आहे. ढाचा क्लिप्श कंपनीच्या ला स्काला मॉडेलचा, पण माल कंपनीचा नाही. मागच्या मालकाने ड्रॉइंग बघून खोकी बनवून घेतली आणि मिळतील ते ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) आत बसवले. खाली फोल्डेड हॉर्नमध्ये १५ इंची वूफर, वर लांबलचक धातूचा मिड हॉर्न, त्याच्या मागे १६ ओहमचा फेनॉलिक डायफ्रॅमवाला (थरथरणाऱ्या पडद्याचा) कंप्रेशन ड्रायव्हर, आणि बाजूला छोटा हॉर्न ट्वीटर.

क्रॉसओव्हर (आवाज तिघा ड्रायव्हरांत वाटणारं नेटवर्क) म्हणजे क्लिप्शच्या जुन्या टाइप ए नेटवर्कची नक्कल. वूफरला २.५ मिलिहेन्रीची कॉइल, मिडला १३ मायक्रोफॅरड आणि पुढे टॅपवाला ऑटोफॉर्मर (आवाज पायऱ्यापायऱ्यांनी उतरवणारी कॉइल, टॅप म्हणजे तिच्यावरच्या जोडणीच्या जागा), ट्वीटरला २ मायक्रोफॅरड. कपॅसिटर पत्र्याच्या डब्यातले, तेलाचे. छेद, म्हणजे एका ड्रायव्हरकडून पुढच्याकडे आवाज जातो त्या जागा, ४०० आणि ६००० हर्ट्झला असायला हवेत.

तक्रारी दोन. वरच्या पट्टीतला गाण्याचा आवाज अंगावर येतो, आणि त्याच वेळी पुरुषी आवाज मात्र पोकळ वाटतो, छातीच नाही जणू. शिवाय उजवीकडचे हाय मंदावलेत, झांजेची सळसळ डावीकडेच जास्त.

एक मित्र टायटॅनियम डायफ्रॅमचे ८ ओहमचे कंप्रेशन ड्रायव्हर द्यायला तयार आहे. ते सरळ बसवू का? की आधी कपॅसिटर? वूफरही नवा, लांब एक्सकर्शनचा (कोन जास्त मागेपुढे हलणारा) घ्यावा असं डोक्यात आहे. जाणकारांनी कान धरला तरी चालेल.

तारेवरची_कसरत:
कशालाच हात लावू नका, आधी ट्वीटरची अदलाबदल करा. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. मंदपणा ट्वीटरबरोबर डावीकडे गेला तर डायफ्रॅम नाहीतर मॅग्नेटच्या फटीतला कचरा. उजवीकडेच राहिला तर नेटवर्क. मल्टिमीटरवर डीसी रेझिस्टन्सही बघून घ्या, ८ ओहमचा ड्रायव्हर साधारण ६ च्या आसपास दाखवतो, १६ वाला ११-१२. दोन्ही बाजूंत ठळक फरक दिसला तर तिथेच कळेल.

आणि ते तेलाचे डबे कुतूहल म्हणून फोडू नका. जुन्या तेलाच्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. गळत असतील तर हातमोजे घालून काढा आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका. त्या जागी पॉलिप्रॉपिलीन घाला, साधे चांगले पुरतात. सोन्याचांदीच्या गोष्टी सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

उलटा_फेज:
८ ओहमचे ड्रायव्हर "सरळ बसवू का" याचं उत्तर नाही. इथे ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हर वेगळे धरता येत नाहीत, कारण मध्ये ऑटोफॉर्मर बसलाय.

ऑटोफॉर्मर आवाज कमी करतो तसा ड्रायव्हरचा इम्पिडन्स (ओहममधला विरोध) कपॅसिटरला वाढवून दाखवतो. उणे ३ डेसिबलच्या टॅपवर दुप्पट, उणे ६ वर चौपट, उणे ९ वर आठपट. तुमचा १६ ओहमचा ड्रायव्हर उणे ३ वर असेल तर कपॅसिटरला ३२ ओहम दिसतात. १३ मायक्रोफॅरड आणि ३२ ओहम, हिशोब करा, ३८० हर्ट्झच्या आसपास येतं. म्हणजे तो १३ चा आकडा त्या टॅपसाठीच निवडलेला आहे.

आता त्याच टॅपवर ८ ओहमचा लावला तर १६ ओहम दिसणार आणि छेद ७६५ ला जाणार. वूफरची कॉइल मात्र जुन्याच जागी उतरायला लागलेली. मध्ये खड्डा!

पण गंमत बघा. तुमच्या आणि मित्राच्या ड्रायव्हरची संवेदनशीलता प्रति वॅट सारखी असली, तर त्याच व्होल्टेजवर ८ ओहमवाला ३ डेसिबल जास्त वाजणार, कारण तो दुप्पट वॅट ओढतो. ते उतरवायला तुम्ही टॅप उणे ६ वर नेणार, आणि ८ चे पुन्हा ३२ ओहम होणार. कपॅसिटर आहे तसाच राहील. मात्र तो प्रति वॅटही ३ डेसिबल वरचढ निघाला तर उणे ९ लागेल, ६४ ओहम दिसतील, १३ मायक्रोफॅरडने छेद १९० ला घसरेल आणि हॉर्नच्या कटऑफखाली (जिथे हॉर्न काम करायचं थांबतो) डायफ्रॅम मोकाट हलेल. तिथे ६.२ च्या जवळपासचा कपॅसिटर हवा.

हे सगळं नॉमिनल ओहमवर. हॉर्नवर बसवलेल्या ड्रायव्हरचा इम्पिडन्स वरखाली नाचतोच, तेव्हा शेवटी माइक लावून मोजावंच लागतं. आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

तर आधी सांगा, सध्या मिड कुठल्या टॅपवर आहे?

सुतारपक्षी:
वूफरचं खूळ सोडा. मागची बंद पोकळी त्या वूफरच्या हिशोबाने असते, आतल्या हवेचा ताठरपणा हॉर्नच्या घशातल्या हवेच्या वजनाला तोलतो. हॉर्नवर कोन जेमतेम हलतो, त्यामुळे लांब एक्सकर्शन वाया जातं. शिवाय जड कोनमुळे मिडकडची बाजू सुस्त होईल. ला स्कालाच्या आकारात ५० हर्ट्झच्या खाली फार काही मिळत नाही, ते हवं असेल तर वेगळा सबवूफर.

त्यापेक्षा १०० ते २५० हर्ट्झची स्वीप (चढत जाणारा सूर) वाजवा आणि हॉर्नच्या दोन बाजूंच्या भिंतींवर तळहात ठेवा. एखाद्या जागी भिंत हाताला गुदगुल्या करेल. तिथे आडवा दांडा ठोका. क्लिप्शनेही ला स्काला टू मध्ये पाऊण इंचाची भिंत एक इंचाची केली, उगाच नाही.

बिट_आणि_बाइट:
एवढी डोकेफोड कशाला? नेटवर्क काढून फेका, डीएसपी (डिजिटल क्रॉसओव्हर) घ्या, तीन अॅम्प्लिफायर लावा. मिडचा ड्रायव्हर ट्वीटरच्या दीडेक फूट मागे असतो, म्हणजे सव्वा मिलिसेकंदांहून जास्त उशीर. ६००० हर्ट्झला तरंगलांबी पावणेसहा सेंटिमीटर. पॅसिव्हमध्ये ट्वीटरच्या तारा उलटसुलट करून हे कधीच जुळणार नाही.

उलटा_फेज:
उशिराचं मान्य, डीएसपीचा खरा फायदा तिथेच. पण शंभराच्या वर डेसिबल देणाऱ्या हॉर्नवर अॅम्प्लिफायरची सूं-सूं खुर्चीपर्यंत ऐकू येते. आज ऑटोफॉर्मर ती काही डेसिबल दाबतोय, थेट जोडल्यावर ती पूर्ण येईल. शिवाय कंप्रेशन ड्रायव्हरला थेट जोडताना सिरीजमध्ये संरक्षक कपॅसिटर ठेवाच. चालू करतानाच्या एका धप्प आवाजात डायफ्रॅम जाऊ शकतो.

खर्जप्रेमी:
सर्वांचे आभार. काल मागची फळी काढली.

ट्वीटर अदलाबदल केले, मंदपणा उजवीकडेच राहिला. त्या बाजूच्या २ मायक्रोफॅरडच्या डब्याच्या तळाशी चिकट ओल आहे. दोन्ही बाजूंचे सगळेच कपॅसिटर बदलतोय.

आणि उलटा_फेज, बसा खाली. मिड कुठल्याच टॅपवर नाही! दोन्ही खोक्यांत तार थेट ऑटोफॉर्मरच्या वरच्या टोकाला, म्हणजे शून्य डेसिबलवर. उणे ३ च्या टॅपवर डाग दिलेल्याची जुनी खूण आहे, कुणीतरी मुद्दाम काढून वर लावलंय.

उलटा_फेज:
मग पोकळपणाचं आणि अंगावर येण्याचं मूळ एकच. १६ ओहम थेट दिसतात, म्हणून छेद ७६५ च्या आसपास, आणि त्याच्या वर मिड ३ डेसिबल चढा. दोन्ही तारा उणे ३ वर आणा, नवे कपॅसिटर घाला, आणि मग महिनाभर नुसतं ऐका.

खर्जप्रेमी:
उजवीकडची तार आत्ताच हलवली. मोनो लावून दोन्ही बाजू आलटून पालटून ऐकल्या. उजवीकडे निवेदकाचा आवाज भरला, डावीकडचा अजून डब्यात बोलतोय. कपॅसिटर यायचेत.

टायटॅनियमचा मोह मात्र सुटत नाही. मित्राचे ड्रायव्हर बोल्टवाले आहेत, माझा हॉर्न चुडीचा. अॅडॅप्टर मिळतो म्हणे?

तारेवरची_कसरत:
मिळतो. १⅜ इंच, १८ आट्यांची चुडी असेल तर सहज. पण अडचण चुडीची नाही, घशाची. अशा जुन्या मिड हॉर्नचा घसा एक इंचाहून अरुंद असू शकतो. मित्राचा ड्रायव्हर १ इंच तोंडाचा असेल तर अॅडॅप्टरच्या आत पायरी राहता कामा नये. २ इंची तोंडाचा असेल तर या हॉर्नवर त्याचा काही उपयोग नाही, त्याला नवा हॉर्न लागेल, आणि मग छेदही नव्याने ठरवावे लागतील. व्हर्नियरने दोन्हींचे व्यास मोजून इथे टाका, ड्रायव्हरच्या मागचा मॉडेल नंबरही.