मदत हवी आहे: थॉमसन पॅराबोला स्पेक्ट्रोमीटरच्या प्लेटांत ठिणगी

लेझरने वेग दिलेले प्रोटॉन आणि कार्बन आयन मोजायचा स्पेक्ट्रोमीटर (चुंबकाने आणि प्लेटांमधल्या व्होल्टेजने आयन वळवून प्रत्येक प्रकाराची वेगळी वक्ररेषा, म्हणजे पॅराबोला, उमटवणारं उपकरण) रत्नागिरीत टेबलावर तपासतोय. लेझर अजून जोडलेला नाही. प्लेटा 5 सेंमी लांब, फट 5 मिमी, आधार टेफ्लॉनचे, दाब 2×10⁻⁵ मिलिबार. गरज 3 किलोव्होल्टची, पण 1.8 वरच ठिणगी पडते. एवढ्या कमी व्होल्टेजला जास्त ऊर्जेकडचे पॅराबोला एकमेकांत मिसळतात, म्हणजे मुख्य मोजमापच जातं.

पावसाळी हवेत चेंबर उघडला की त्रास वाढतो. रात्रभर पंप चालवल्यावर 2.2 पर्यंत पोचतो. कडा गोल केल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, फरक नाही. ओलावा काढायला तापवता येईल, पण निओडिमियम चुंबक शेजारीच आहे आणि जास्त उष्णतेने तो कमजोर होतो, म्हणून 60 अंशांपुढे तापवणार नाही.

ठिणगी टेफ्लॉनच्या पृष्ठभागावरून जातेय की फटीतून, हे कसं ओळखायचं? पृष्ठभागावरून असेल तर 60 अंशांवर किती तास तापवावं, की आधार सिरॅमिकचेच करावेत?