अनुभव धागा: तुमच्या वाढदिवसाच्या तारखेला आणखी काय घडलं होतं?

आज १६ एप्रिल. मला साठ पूर्ण झाली. येत्या ३० तारखेला रेल्वेतून निवृत्त होईन, म्हणजे नोकरीतला हा शेवटचा वाढदिवस.

बाबाही रेल्वेतच, गार्ड होते. माझ्या जन्मतारखेचा त्यांना फार अभिमान. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. ही यादी मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. ड्यूटी नसेल त्या वर्षी ते मला व्हीटीला नेत, साडेतीनच्या सुमाराची ठाणे लोकल पकडत आणि गाडी हलली की खिशातलं घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवत. "बघ, निघाली." ठाण्याला उतरून एकेक ग्लास उसाचा रस, की लगेच परत. चौतीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, हा माझा वाढदिवस. पुढे नोकरीत हेच अंतर मी रोज केलं. व्हीटीचं सीएसटी झालं, मग सीएसएमटी झालं, तरी तोंडात अजून व्हीटीच येतं.

यंदा पाडव्याला पराभव संवत्सर लागलं. साठ संवत्सरांचं चक्र फिरून आलं, कारण मी जन्मले तेव्हाही पराभवच होतं. नाव ऐकून आजी तेव्हा हिरमुसली होती म्हणे. मला मात्र यंदा पंचांगात ते वाचून बरं वाटलं. कधीकाळी ठेवलेली वस्तू जागच्या जागी मिळावी, तसं.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. ती यादी म्हणून दाखवणारं घरात आता कुणी नाही. म्हणून वाटलं, तुम्हाला विचारावं. तुमच्या तारखेला काय घडलं होतं? ते तुम्हाला कुणी सांगितलं? वय वाढलं तसा तो दिवस बदलला का? लांबलचक लिहा, मी सगळं वाचणार आहे.

विक्रोळी, मूळ गाव पाटण तालुक्यात

ताई, साठीच्या शुभेच्छा. माझी कागदावरची तारीख १ जून १९६६. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. जूनमध्ये शाळा उघडणार, त्या दिवशी पोराचं वय पुरं दिसलं पाहिजे, एवढाच हिशेब. आमच्या वर्गात निम्मी पोरं १ जूनची होती. राज्य सरकारच्या नोकरीत ५८ ला निवृत्ती, आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे २०२४ ला आमच्या कार्यालयात एकदमच चौघांना शाल-श्रीफळ मिळालं. चौघेही गावाकडून आलेले, चौघांच्या तारखा गुरुजींनी दिलेल्या.

खरं कधी जन्मलो, ते आईला विचारलं. म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला तवा तू चार म्हैन्यांचा व्हतास." तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. म्हणजे मी १९६७ च्या श्रावणातला, आणि नोकरी मी चौदा महिने आधीच सोडली. पेन्शनचा हिशेब मी काढला नाही. काढून काय होणार?

त्या पहाटे जमीन हलायला लागली तशी आई मला गोधडीसकट उचलून अंगणात पळाली. गोधडी दाराच्या कडीत अडकून टरकन फाटली, पण ती थांबली नाही. मागे माजघराची भिंत बसली. फाटलं तिथे तिने नंतर हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं. टाके मोठे मोठे, घाईने घातल्यासारखे. एरवी तिची शिवण इतकी बारीक असायची की टाका शोधावा लागे. ती गोधडी माझ्या कपाटात आहे. नातवंडांना हात लावू देतो, पांघरायला देत नाही.

आई २०१९ मध्ये गेली. नागपंचमी व्हायची होती की होऊन गेली होती, ते तिलाही नक्की आठवत नव्हतं. मी नागपंचमीच धरतो. १ जूनला शुभेच्छा येतात, त्यांचे आभार मानतो. पण गोड खातो ते नागपंचमीला, पुरणाची दिंडं.

माझगाव

माझ्या नव्हे, आजीच्या वाढदिवसाचं लिहिते. १४ एप्रिल १९४४. सकाळी ती जन्मली आणि दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. एकाच जहाजात दारूगोळाही होता आणि कापसाच्या गाठीही. आधी कापूस धुमसत होता, मग पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. आमच्या चाळीची सगळी तावदानं आत आली. सुईण अजून घरातच होती. तिने कोपऱ्यातली पितळी परात उचलून बाळ-बाळंतिणीवर आडवी धरली. ती परात आम्ही अजून वापरतो. मागच्या बाजूला काचांचे ओरखडे आहेत. चिंच लावून कितीही घासा, जात नाहीत. कणीक मळताना बोटांना खालून लागतात.

सुईणीचा नवरा गोदीत हमाल होता. तो परत आला नाही.

पुढे वीसेक वर्षं ती बाई दर १४ एप्रिलला आमच्याकडे येत असे. आजीच्या डोक्यावर हात ठेवी, चहा घेई आणि जाई. लहानपणी आजीला तिची भीती वाटायची, कारण सगळे हसत असताना ही एकटी रडायची. आजीला स्वतःची मुलं झाली, तेव्हा तिला कळलं की तो दिवस त्या बाईचा आधी होता. "माझं वय आणि तिचं वैधव्य एकाच दिवसाचं," असं ती म्हणते.

गेल्या वर्षी आजीचं सहस्रचंद्रदर्शन केलं. हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि दहा महिने लागतात. आम्ही मुद्दाम वाढदिवसापर्यंत थांबलो. ओवाळायच्या आधी आजीने एक पणती वेगळी लावायला लावली, सुईणीच्या नवऱ्यासाठी. मग माझ्या चुलतभावाने सांगितलं की त्या आगीत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले आणि म्हणूनच १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. आजीला हे माहीत नव्हतं. तिने दुसरी पणती मागून घेतली. बाहेर जयंतीची मिरवणूक चालली होती. ढोलांचं तिला काही वाटत नाही, पण फटाका वाजला की ती अजून माझा हात धरते.

गिरगाव

मी २९ फेब्रुवारी १९७२ चा. मोरारजी देसाईंचीही तारीख हीच, साल १८९६. १९०० हे लीप वर्ष नसल्याने त्यांना पहिला तारखेचा वाढदिवस मिळाला थेट आठव्या वर्षी. आई मला तिथीने ओवाळते, त्यामुळे माझं एकही वर्ष चुकलेलं नाही. पन्नासावं झालं तेव्हा कॅलेंडरमध्ये तारीख नव्हती, पण निरांजन होतं. एवढंच.

दादर

मी ६ डिसेंबरची. घर शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६ मधलं, माझा जन्म त्यानंतर पंचवीस वर्षांनी. या दिवशी आमच्या घरी गोडधोड होत नाही, वाढदिवस ७ तारखेला. लहानपणी याचा राग यायचा. आख्ख्या शाळेत माझीच तारीख अशी का?

५ च्या रात्रीपासून चैत्यभूमीची रांग लागते. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या बाया पिशवी उशाला घेऊन फूटपाथवर निजलेल्या असतात. पहाटे आई पाण्याची कळशी घेऊन खाली उतरायची आणि पेला धरायला मी. मी दहा वर्षांची होते तेव्हा एका म्हातारीने पाणी पिऊन विचारलं, "नाव काय बाई तुझं, कितवीत हायेस?" मी सांगितलं, आणि आज माझा वाढदिवस आहे तेही सांगून टाकलं. तिने कनवटीची पिशवी सोडली, पाच रुपयांची नोट काढली आणि म्हणाली, "पुस्तक घे."

पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्या पाच रुपयांत बाबांनी आपले घालून मला पहिलं पुस्तक घेऊन दिलं. तेव्हापासून दर ६ डिसेंबरला एक. पहिल्या पानावर तारीख आणि माझं वय लिहिते. गेल्या डिसेंबरचं धरून पस्तीस झाली. परवा कपाट आवरताना ओळीने लावली, तर दहापासून चव्वेचाळीसपर्यंतचं माझं अक्षर एकाखाली एक दिसलं. आता कळशी मी नेते. गुडघे दुखतात, पण जिना दोनच मजल्यांचा आहे.

ठाणे (धागा काढणारी)

सगळं वाचलं. पाटणच्या दादांच्या गोधडीचे मोठे टाके डोळ्यांपुढून हलत नाहीत. माझगावच्या आजींना माझा नमस्कार सांगा.

आज अर्धी रजा टाकली होती. भाचीची मुलगी सात वर्षांची आहे, तिला घेऊन व्हीटीला गेले. बाबांच्या घड्याळाला सकाळीच किल्ली दिली होती. साडेतीनच्या सुमाराची ठाणे लोकल उभी होती, खिडकी मिळाली. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध, सुलतान, सगळं सांगून झालं. गाडी हलली तशी घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हटलं, "बघ, निघाली."

तिने घड्याळ नाकाजवळ नेऊन नीट पाहिलं. "आजी, तीन सदतीस झालेत," म्हणाली.

रस पिऊन तिला घरी यायला उशीर झाला, म्हणून भाची थोडी रागावली आहे.