मार्च आला की एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) टीम वयस्कर लाइनमनच्या मागे का लागतात? (मार्च २०२५ मधली चर्चा)

मृण्मयी_जर्सी
आमच्या घरी न्यूयॉर्क जेट्स टीमचं खूळ नवऱ्याचं. मी बघायला लागले २०२३ मध्ये, रॉजर्स क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) म्हणून आला तेव्हा. त्याचा अकिलीस (टाचेमागची कंडरा) चौथ्याच स्नॅपला (खेळी सुरू होते तो क्षण) तुटला आणि सीझन तिथेच आटोपला. त्या खेळीत डावा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच लाइनमनांतला कडेचा) होता ड्वेन ब्राउन, वय ३८. बरं, यातून काही शिकावं, तर पुढच्याच मार्चमध्ये टायरन स्मिथ आणला, वय ३३. तो दहा सामने खेळला आणि मग मानेच्या दुखण्याने बाहेर. आता २०२५ ची फ्री एजन्सी (करार संपलेले खेळाडू घ्यायचा मोसम) उघडलीये आणि नवरा रोज जेवताना नवी नावं वाचून दाखवतो. माझा साधा प्रश्न: १३० ते १५० किलोचा माणूस, तिशी उलटलेली, दुखण्यांची फाइल जाडजूड. त्याच्यावर एवढे पैसे कशाला? कॉलेजमधून ताजा पोरगा का घेत नाहीत? नियमांचा कीस नको, कळेल असं सांगा.

सांगलीकर_ओहायो
मृण्मयीताई, मी सिनसिनाटीत नव्वदच्या दशकात आलो, म्हणजे इथल्या बेंगल्स टीमचा. हरण्याच्या बाबतीत जेट्सवाल्यांनी आमच्यापुढे फार बोलू नये.

ताजे पोरगे घेतातच हो. पण कॉलेजमधून तयार लाइनमन निघेनासा झालाय. तिथे बहुतेक टीम मैदानभर पसरून खेळतात, बॉल झटक्यात हातातून सुटतो. समोरच्याला तीन-साडेतीन सेकंद अडवून ठेवायची वेळ पोरावर फारशी येतच नाही. त्यात लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०११ च्या करारापासून सीझनमध्ये पॅड घालून सराव मिळतो फक्त १४ वेळा. हे काम धक्काबुक्कीचं, पॅडशिवाय ते शिकणार कसं? मग पोरगा शिकतो रविवारी, सामन्यात, आणि त्याची फी भरतो क्वार्टरबॅक.

दुसरं म्हणजे लाइन पाच जणांची असते, पण तिची किंमत ठरते सगळ्यात कच्च्या माणसावरून. मी सांगलीला कॉलेजात असताना कबड्डीत डावा कोपरा धरायचो. साखळीतला एक हात सैल आहे हे कळलं की चढाईवाला पुन्हा पुन्हा तिथेच येतो. इथेही तसंच, समोरचा कोऑर्डिनेटर (डावपेच आखणारा कोच) दिवसभर त्याच एका गार्डच्या (टॅकलच्या आतल्या बाजूच्या लाइनमनच्या) अंगावर माणसं सोडतो. अनुभवी माणूस आणतात तो ही एक जागा बुजवायला. तो ऑल-प्रो (वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडलेला) असायची गरज नाही. समोरचे दोन जण जागा बदलून, कैची मारून आत घुसणार हे त्याला ते उभे कसे राहिलेत यावरून कळतं, आणि शेजारच्या पोराला तो स्नॅपच्या आधी ओरडून सांगतो. तेवढ्याचेच पैसे.

आता आमची कर्मकहाणी ऐका. अँड्र्यू व्हिटवर्थ, डावा टॅकल. २००६ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजचे खेळाडू फेऱ्यांनी निवडायची पद्धत) बेंगल्सनी दुसऱ्या फेरीत घेतला, अकरा सीझन खेळला. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये आमच्या शहाण्यांनी पहिल्या दोन फेऱ्यांत दोन टॅकल घेतले, ओग्बुएही आणि फिशर. हेतू हा, की म्हातारा गेला तरी घर चालावं. हेतू चांगलाच होता! २०१७ च्या मार्चमध्ये व्हिटवर्थ ३५ वर्षांचा होता. लॉस एंजेलिस रॅम्सनी तीन वर्षांचे ३३.७५ मिलियन डॉलर पुढे केले, आम्ही जाऊ दिला. त्याच आठवड्यात गार्ड झाइटलरही क्लीव्हलंडला गेला. आदल्या वर्षी रॅम्स गुणांत लीगमध्ये शेवटचे होते, २२४. व्हिटवर्थ आला त्या वर्षी पहिले, ४७८. त्यांचा क्वार्टरबॅक गॉफ २०१६ मध्ये सात सामन्यांत २६ वेळा आडवा (सॅक) झाला होता, २०१७ मध्ये १५ सामन्यांत २५ वेळा. मान्य, शॉन मॅक्व्हे नावाचा नवा कोचही त्याच वर्षी आला (व्हिटवर्थपेक्षा चार वर्षांनी लहान!). सगळं श्रेय एका टॅकलला द्यायला मी वेडा नाही. पण ३५ व्या वर्षी तो पहिल्या टीमचा ऑल-प्रो झाला, आणि आमचे ते दोन टॅकल कुणाला आठवतसुद्धा नाहीत.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. फेब्रुवारी २०२२, सुपर बोल (लीगचा अंतिम सामना), रॅम्स विरुद्ध बेंगल्स. तिकडे डावा टॅकल ४० वर्षांचा व्हिटवर्थ. इकडे आमचा क्वार्टरबॅक बरो सात वेळा खाली. २३-२० ने हरलो. त्या रात्री आमच्या घरी जेवण झालं नाही, पुलाव तसाच राहिला.

शिकागोचा_बाप्या
काका, व्हिटवर्थ लाखात एक. त्याच्यावरून नियम काढू नका. आणि वय हा मुद्दा मला तेवढा पटत नाही. आमच्या बेअर्सनी २०२३ मध्ये गार्ड नेट डेव्हिस घेतला, तीन वर्षांचे ३० मिलियन, वय फक्त २६. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सोडूनही दिला. त्या सीझनला आमचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला. अडुसष्ट! आता बेन जॉन्सन कोच म्हणून आलाय आणि लाइनचा मधला भाग एका झटक्यात बदललाय: सेंटर (लाइनचा अगदी मधला) ड्र्यू डालमन, गार्ड जोना जॅक्सन, आणि कॅन्सस सिटीकडून ३२ वर्षांचा जो थूनी, २०२६ च्या ड्राफ्टच्या फक्त चौथ्या फेरीच्या पिकवर (निवडीच्या हक्कावर). चार सुपर बोलच्या अंगठ्या आहेत त्याच्याकडे. मी तर या सौद्यावर खूश आहे.

सांगलीकर_ओहायो
बाप्या, थूनीवर मीही खूश असतो, आणि मुद्दा तिथेच आहे. तो गार्ड. म्हातारा घ्यायचा तर मधला घ्यावा. टॅकलला कडेच्या मोकळ्या जागेत, आपल्यापेक्षा पन्नास पौंडांनी हलक्या पोराच्या मागे धावावं लागतं. गार्डच्या दोन्ही अंगांना माणूस असतो. कॅन्सस सिटीनेच दाखवलं. २०२१ मध्ये थूनीला पाच वर्षांचे ८० मिलियन दिले, तो गार्ड म्हणून पैसे वसूल करून देत होता. गेल्या सीझनला टॅकल कुणी उरेना, म्हणून त्याला डावीकडे नेला. सुपर बोलमध्ये ईगल्ससमोर त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स सहा वेळा पडला, ४०-२२ ने हरले. दोष थूनीचा नाही, त्याला तिथे न्यावं लागलं याचा. आता बघा, याच आठवड्यात त्यांनी फॉर्टी-नाइनर्सकडून जेलन मूर घेतलाय, दोन वर्षांचे ३० मिलियन, तोही आजवर बहुतेक राखीव म्हणून खेळलेला. टॅकलचा बाजार एवढा तापलाय.

आणि ताई, दुखापतीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. ती हरलेली सुपर बोल झाल्यावर आमच्या मालकांनी लाइनसाठी हात सैल सोडला. कॅरस, कॅपा, ला-एल कॉलिन्स, तिघेही बाहेरून. डिसेंबरपर्यंत लाइन रुळली. मग नाताळच्या आदल्या दिवशी कॉलिन्सचा गुडघा, शेवटच्या सामन्यात कॅपाचा घोटा, आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीत आमचाच जोना विल्यम्स. पाचांतले तीन गेले. तरी बफेलोत भर बर्फात २७-१० जिंकलो, कसे ते देवाला माहीत! पुढच्या रविवारी कॅन्सस सिटीत बरो पाच वेळा सॅक, पुन्हा २३-२०. आकडासुद्धा तोच, मेल्यांनो. आम्ही पाच जण जमवले होते, सहावा-सातवा जमवलाच नव्हता.

हिशेबनीस
थोडा पैशांचा भाग घालतो, कीस न काढता. २०२५ साठी प्रत्येक टीमला खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा २७९.२ मिलियन. ज्येष्ठ खेळाडूचा करार मोठा दिसला तरी खात्रीची रक्कम किती ते बघायचं, बाकीचे आकडे पेपरात छापायला. टायरन स्मिथचा करार एका वर्षाचा होता. खात्रीचे सुमारे ६.५ मिलियन, उरलेले जसजसा खेळेल तसे. म्हणजे जेट्सनी मानेच्या दुखण्याचा हिशेब आधीच धरला होता. दुसरं, जुन्या टीमने करार संपायच्या आधीच सोडून दिलेला खेळाडू घेतला, तर ड्राफ्टमधल्या भरपाईच्या पिकांच्या (खेळाडू गमावल्याबद्दल टीमला मिळणाऱ्या जादा पिकांच्या) हिशेबात तो धरत नाहीत. कॉलिन्स असाच डॅलसने सोडलेला होता. चाणाक्ष मॅनेजर अशांवर लक्ष ठेवून असतात. ड्राफ्ट झाल्यावर मे महिन्यात घेतलेलेही त्या हिशेबात येत नाहीत, म्हणून तेव्हा एक छोटा म्हातारबाजार पुन्हा भरतो.

मृण्मयी_जर्सी
सगळ्यांचे आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो काका बेंगल्सचे असूनही बरं बोलतात. पण मग एक सांगा, आमच्या उजव्या टॅकलला, मॉर्गन मोझेसला का जाऊ दिला? तो ३४ चा, आमच्यात त्यातल्या त्यात धडधाकट तोच वाटायचा. पेट्रियट्सनी तीन वर्षांचे २४ मिलियन दिले म्हणे. आणि स्मिथला पुन्हा घ्यावं का?

सांगलीकर_ओहायो
नवऱ्याला नमस्कार सांगा. स्मिथला नको. थोर खेळाडू, आठ वेळा प्रो बोल (निवडक ताऱ्यांचा सामना), पण सगळे सामने खेळलेला त्याचा शेवटचा सीझन २०१५ चा. नाव बघून माणूस घ्यायचा नाही, मागच्या तीन वर्षांत किती रविवारी उभा राहिला ते बघायचं. तरी जेट्सनी एक गोष्ट नीट केली होती, आमच्या लोकांना जमली नाही ती. स्मिथ घेतला त्याच वर्षी अकराव्या पिकवर फशानू हा तरुण टॅकल घेऊन ठेवला. म्हाताऱ्याची मान गेली तेव्हा पोरगा तयार होता, आणि बरा खेळला. डावी बाजू आता त्याला देऊन टाका.

मोझेसला मी असतो तर ठेवला असता, पण दोन वर्षांसाठी. तीन दिली ती पेट्रियट्सची गरज, आपल्या क्वार्टरबॅकचा, ड्रेक मेचा जीव वाचवायचा आहे त्यांना. तुमच्याकडे उजवी बाजू रिकामी आहे आणि ड्राफ्टमध्ये सातवा नंबर आहे. सातव्याला टॅकल घ्या. आणि मे महिन्यात एखादा तेहतीस-चौतीसचा गडी स्वस्तात मिळाला तर तोही घ्या, बाकावर बसवायला. नवऱ्याला सांगा, तोवर जेवताना फोन बाजूला ठेव.